जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन नवे लायनर घालून कसे बांधावे

उसाची शेवटची ट्रॉली कारखान्यावर पोचली आणि मृगाला अजून दीड-दोन महिने आहेत, असा काळ दरवर्षी येतो. ट्रॅक्टर उघडायचा तो याच दिवसांत. मृगाचा पाऊस पडल्यावर, खाचरात पाणी उभे असताना इंजिनाने दगा दिला, तर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यात चिखलणीचे आठ-दहा दिवस हातचे जातात, आणि गेलेली वाफ काही परत येत नाही. म्हणून धर्मग्रामातील ज्या शेतकरी बंधूंच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्यांच्यासाठी इंजिनाच्या या मोठ्या कामाची माहिती येथे देत आहोत. काम मिस्त्रीनेच करावयाचे आहे. पण मालकाला काम समजत असेल तर ते नीट होते आणि पैसाही वाचतो.

उदाहरण म्हणून एचएमटी २५११ हा ट्रॅक्टर घेऊ. चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरच्या धर्तीवर हरियानातील पिंजोर येथे १९७१ पासून एचएमटीचे ट्रॅक्टर बनू लागले. केंद्र सरकारने २०१६ साली हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी गावोगावी हे ट्रॅक्टर अजून राबत आहेत. २५११ चे इंजिन दोन सिलिंडरचे, २५ अश्वशक्तीचे. सिलिंडरचा व्यास ९५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. रचना साधी असल्यामुळे समजून घ्यायला हे इंजिन सोपे आहे.

लायनर म्हणजे काय आणि तो का झिजतो?

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन थेट घासू नये म्हणून बिडाची एक नळी बसवलेली असते. तीच लायनर. झिजली की नळी बदलता येते, ब्लॉक फेकावा लागत नाही. लायनर दोन प्रकारचे असतात. ओल्या लायनरला बाहेरून रेडिएटरचे पाणी प्रत्यक्ष लागते. पाणी खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून त्याच्या खालच्या अंगाला रबरी रिंगा असतात. एचएमटी २५११ चा लायनर या प्रकारचा. कोरडा लायनर ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवलेला असतो आणि त्याला पाणी लागत नाही. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरांत जे पर्किन्स घराण्यातले तीन सिलिंडरचे इंजिन असते, त्यात कोरडे लायनर असतात. कोरडा लायनर काढणे व बसवणे हे प्रेस असलेल्या वर्कशॉपचे काम आहे. ते घरी हातोड्याने करू नये.

आता झीज किती होते पाहा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर ११० मिलिमीटर धावेचा पिस्टन एका मिनिटात ३३० मीटर अंतर घासतो. आठ तासांच्या दिवसात हे अंतर १५८ किलोमीटर होते. एवढे अंतर रोज घासूनही लायनर वर्षानुवर्षे टिकतो, कारण मध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. परंतु पिस्टन अगदी वर पोचतो तेथे तो क्षणभर थांबतो, उष्णता व दाब सर्वांत जास्त असतो आणि ऑइल सर्वांत कमी. म्हणून लायनर वरच्या बाजूला जास्त झिजतो, खाली कमी. रिंगा जेथवर पोचत नाहीत तेथे मूळचे बीड तसेच राहते आणि त्याचा एक ओठ तयार होतो. जुन्या इंजिनाचे हेड काढून बोट फिरवले की हा ओठ नखाला लागतो.

नेहमीच्या झिजेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे धूळ. २५११ चे इंजिन १५०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे हजार लिटर हवा ओढते. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर असेल किंवा तिची पट्टी सैल असेल, तर मे महिन्यातल्या नांगरटीची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. धुळीतली बारीक वाळू बिडापेक्षा कठीण असते. अशा ट्रॅक्टरमध्ये कितीही महाग लायनर घातला, तरी एक-दोन हंगामांत तो खलास होतो.

इंजिन उघडण्यापूर्वी

ऑइल कमी होते म्हणजे लायनर गेलाच, असे समजू नये. आधी बाहेरची गळती पाहावी. नंतर इंजिन गरम झाल्यावर पुढील लक्षणे तपासावीत.

१. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येतो काय? हा ऑइल जळाल्याचा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यासाठी एअर क्लीनर व नोझल पाहावेत, लायनर नव्हे. थंडीत सकाळी थोडा वेळ येणाऱ्या पांढऱ्या धुराची काळजी नको. पण गरम इंजिनही पांढरा धूर सोडत असेल तर नोझल किंवा पाण्याची गळती तपासावी.

२. ब्रीदरमधून किंवा ऑइल भरण्याच्या तोंडातून धूर फुसफुसत बाहेर पडतो काय? मिस्त्री याला ‘बॅक मारते’ म्हणतात. पिस्टनच्या बाजूने ज्वलनाचा वायू खाली चेंबरमध्ये उतरत असल्याची ही खूण आहे.

३. सकाळी इंजिन चालू व्हायला फार वेळ लागतो काय, आणि चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ताकद कमी पडते काय?

४. ऑइलमध्ये पाणी आहे काय? पाणी मिसळलेले ऑइल ताकासारखे पांढुरके दिसते. शंका असल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा आणि सकाळी इंजिन चालू न करता चेंबरचा ड्रेन नट हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व प्रथम तेच बाहेर येते. पाणी निघाले तर तो ट्रॅक्टर एक तासही चालवू नये. बेअरिंगे खराब होऊन क्रँकचा खर्च वाढतो.

नुसत्या रिंगा की लायनरही?

हेड काढल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. रिंगा स्वस्त, लायनर-पिस्टनचा संच महाग. म्हणून ‘यंदा रिंगा टाकून चालवू’ असे ठरते. लायनर थोडाच झिजला असेल तर यात चूक नाही. पण तो जास्त झिजलेला असेल तर नवी रिंग वरच्या ओठावर आपटून तुटते, तिरप्या झालेल्या नळीत ती नीट टेकत नाही, आणि पुढच्याच हंगामात पुन्हा इंजिन उघडावे लागते. म्हणजे रिंगांचे पैसे गेले, मजुरी दोनदा गेली.

झीज किती आहे हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. वर्कशॉपमध्ये बोअर गेज असतो. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवे आणि उभे, अशी सहा मापे घेऊन ती कागदावर लिहून मागावीत. गेज नसेल तर शेतकऱ्याला स्वतः करता येण्यासारखी एक युक्ती आहे. एक नवी रिंग लायनरमध्ये अगदी खाली, जेथे झीज झालेली नाही तेथे, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, ओठाच्या लगेच खाली बसवून पुन्हा फट मोजावी. दोन फटींमधील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. समजा खाली फट ०.४० मिलिमीटर आणि वर १.२० मिलिमीटर आली. फरक ०.८०. भागाकार सुमारे ०.२५ मिलिमीटर, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत दहा थाऊ. एवढी झीज असल्यास नुसत्या रिंगा टाकण्यात अर्थ नाही. झीज ०.१० च्या आत असेल आणि पिस्टनच्या खाचा चांगल्या असतील तर रिंगांवर भागू शकते. मधल्या मापासाठी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहावी.

ओला लायनर काढल्यावर त्याची बाहेरची बाजूही पाहावी. एका अंगाला टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. पिस्टनच्या हादऱ्याने लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि ते बीड कुरतडत जातात. असा लायनर आतून गुळगुळीत असला तरी पुन्हा वापरू नये.

सोबत काय तपासावे

लायनर, पिस्टन, रिंगा, पिस्टन पिन आणि पिनची लॉके एकाच संचात मिळतात. एका कंपनीचा लायनर आणि दुसऱ्या कंपनीचा पिस्टन असा मेळ घालू नये. दोन्ही पिस्टन तराजूवर ठेवून वजन सारखे असल्याची खात्री करावी.

कनेक्टिंग रॉड वाकलेला नाही ना आणि त्याचे बुश सैल नाही ना, हे पाहावे. क्रँकची मापे घ्यावीत. तो अंडाकृती झिजला असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने घासून त्या मापाची बेअरिंगे घालावी लागतात. क्रँक चांगला असताना ‘उघडलेच आहे तर घासून घेऊ’ असे म्हणून घासू नये, कारण क्रँक किती वेळा घासता येईल याला मर्यादा असते. ऑइल पंप तपासावा. हेडवर सरळ पट्टी ठेवून ते वाकले नाही याची खात्री करावी आणि वॉल्व्ह बसवून घ्यावेत. नोझल मात्र न चुकता तपासून घ्यावेत. धार सोडणारा नोझल डिझेल सरळ लायनरच्या भिंतीवर मारतो, ऑइलचा पापुद्रा धुऊन जातो आणि नवा लायनर पहिल्या महिन्यातच ओरखडतो.

लायनर बसवताना

ब्लॉकमधील पाण्याच्या जागेत साचलेले क्षार व गंज पूर्ण खरवडून काढावा. लायनरची कॉलर जेथे टेकते ती कड आणि खाली रबरी रिंग जेथे घासते ती जागा पितळेसारखी लख्ख झाली पाहिजे. येथे क्षाराचा एक कण राहिला तरी लायनर तिरका बसतो.

प्रथम रबरी रिंगा न घालता लायनर सोडून पाहावा. तो हाताने आत गेला पाहिजे आणि फिरला पाहिजे. मग कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किती वर राहते ते मोजावे. ती किंचित वर असावीच लागते, कारण हेड कसल्यावर गॅसकिट त्या कॉलरवर दाबले जाते. कॉलर खाली राहिली तर गॅसकिट जळते. प्रमाणाबाहेर वर राहिली तर कॉलर तडकते किंवा हेड वाकते. हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते. पुस्तिकेतील आकडा समोर ठेवूनच ते जुळवावे. दोन्ही लायनर सारख्या उंचीवर हवेत. कॉलर खाली राहत असेल तर तिच्याखाली घालायच्या धातूच्या शिम मिळतात. कागद, दोरा किंवा एम-सील हा त्यावर उपाय नव्हे.

त्यानंतर लायनर काढून रबरी रिंगा घालाव्यात. त्यांना पीळ पडू देऊ नये. ग्रीसने काही रबर फुगते, म्हणून साबणाचे पाणी लावून लायनर सरळ दाबावा. लोखंडी हातोडा लायनरला लावू नये. बसल्यावर रबराच्या पातळीवर आतून पुन्हा माप घ्यावे. रिंग चिमटली असेल तर लायनर तेथे आत दबतो आणि पिस्टन जाम होतो.

आता एक परीक्षा अशी, की जी बहुतेक ठिकाणी घाईत टाळली जाते. पिस्टन घालण्यापूर्वी आणि खालचे ऑइल चेंबर बसवण्यापूर्वी ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत पाणी भरावे, तोंडे बंद करावीत आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी खालून टॉर्च मारून पाहावे. एक थेंबही लोंबत असेल तर लायनर पुन्हा काढावा. ही एक रात्र वाचवण्यासाठी पुढे सारे इंजिन पणाला लागते.

रिंगांवरील खूण वरच्या बाजूस ठेवावी आणि रिंगांची तोंडे एकाखाली एक न येता पिस्टनभोवती वाटून ठेवावीत. रॉडच्या टोप्यांवरील नंबर जुळवावेत. एकाची टोपी दुसऱ्याला जात नाही. मेनचे, रॉडचे आणि हेडचे सर्व बोल्ट टॉर्क रेंचनेच कसावेत. पान्याला पाइप लावून ‘अंगात आहे तेवढे’ कसणे हा टॉर्क नव्हे. हेड मधून बाहेर या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत कसावे. शेवटी इंजिन हाताने पूर्ण फिरवून पाहावे. कोठे अडत असेल तर स्टार्टर मारू नये.

पहिले पन्नास तास

नवे ऑइल, नवा फिल्टर आणि रेडिएटरमध्ये स्वच्छ पाणी व कूलंट घालावे. क्षाराचे विहिरीचे पाणी टाळावे. स्टॉपची दांडी ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा मारावा, म्हणजे इंजिन चालू होण्याआधी ऑइल सगळीकडे पोचते. चालू झाल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरवर असावी. प्रेशर दिसले नाही तर लगेच बंद करावे.

नवे इंजिन तासन् तास मोकळे हळू चालवून ‘बसते’ असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भार नसताना रिंगा लायनरवर पुरेशा दाबल्या जात नाहीत, लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि इंजिन पुढे कायमचे ऑइल खाते. वीस-तीस मिनिटे मध्यम वेगाने चालवून गळती तपासावी आणि मग हलके काम सुरू करावे: रिकामी ट्रॉली, हलकी कुळवणी. वेग कमी-जास्त करीत राहावे. पहिले पन्नास तास खोल नांगरट, रोटाव्हेटर आणि भरलेली उसाची ट्रॉली नको. पन्नास तासांनंतर ऑइल व फिल्टर बदलावे आणि टॅपेट पुन्हा जुळवावेत. म्हणून काम एप्रिलमध्येच संपवावे. चिखलणीच्या आदल्या दिवशी बांधलेले इंजिन थेट केजव्हील लावून खाचरात घालणे म्हणजे खर्च पाण्यात घालणे होय.

जीव सांभाळावा

फार झिजलेल्या डिझेल इंजिनात एक धोका असतो. ब्रीदरमधून किंवा रिंगांमधून वर आलेले स्वतःचेच ऑइल पेटून इंजिन आपोआप वेग घेते. स्टॉप ओढला तरी ते थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसते. अशा वेळी हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून हवा बंद करावी. हात किंवा कापड लावू नये, आणि इंजिनाच्या शेजारी गर्दी करू नये.

या कामासाठी ट्रॅक्टर मध्ये वेगळा करावा लागल्यास दोन्ही भाग भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरू नये. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

जळक्या ऑइलबद्दल विशेष सांगावयाचे आहे. वापरलेले इंजिन ऑइल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिल्यास कातडीचा कर्करोग होऊ शकतो. ऑइलने भिजलेले फडके खिशात ठेवू नये, हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. जनावराच्या खरजेला किंवा जखमेला जळके ऑइल लावण्याची जुनी सवय सोडावी. जनावर ते चाटते आणि विष पोटात जाते. हे ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑइल विकत घेणाऱ्याला द्यावे.

खर्चाचा विचार

काम देण्यापूर्वी दोन ठिकाणी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात सुटे भाग, वर्कशॉपचे काम व मजुरी असे तीन आकडे वेगळे लिहून मागावेत. क्रँक घासायचा की नाही हे मापे पाहूनच ठरेल, असे आधीच सांगावे. बदललेले जुने भाग परत घ्यावेत. नव्या भागांची खोकी मालकाच्या समोर उघडावीत.

आणि इंजिनाआधी बाकीचा ट्रॅक्टर पाहावा. गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि मागचे टायर धड असतील तर नव्या लायनरवर केलेला खर्च वर्षानुवर्षे उपयोगी पडतो. तेही मोडकळीस आले असतील तर सावकाराकडून पैसे काढून इंजिन बांधू नये. वर्षाला किती तास ट्रॅक्टर लागतो ते मांडावे आणि तेवढ्या तासांचे भाडे शेजारी लिहावे. कधी कधी भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडतो, हे कागदावरच दिसते.

काम करायचे ठरले तर मापे, टॉर्कचे आकडे, घातलेल्या भागांचे साइज आणि तारीख एका वहीत लिहून ती ट्रॅक्टरच्या पुस्तिकेसोबत ठेवावी. पुढच्या वेळी इंजिन उघडणारा मिस्त्री दुसरा असेल, कदाचित मालकही घरातला धाकटा असेल. त्याला ही वही उपयोगी पडेल. आणि दर आठवड्याला एअर क्लीनरची वाटी उघडून त्यातील गाळ काढण्यास विसरू नये. लायनरचे आयुष्य तेथे ठरते.